संक्रांतीचं औदुंबर : दोन पुस्तकं घेऊन चार दिवस

पहिला दिवस, १२ जानेवारी : सांगली

सांगलीला उतरताना लेखकभेटीसाठी पिशवीत दोनच पुस्तकं असावीत. संक्रांतीला औदुंबरात साहित्य संमेलन भरतं, त्याच्या अध्यक्षांचं एक, आणि कथाकथनाला किंवा कविसंमेलनाला येणाऱ्या एखाद्या लेखकाचं दुसरं. नावं कळली की लगेच पुस्तकं मिळवायची आणि पुरती वाचून यायची. पाच-सहा पुस्तकं घेऊन येणाऱ्यांचं बहुतेक वेळा एकही धड वाचून झालेलं नसतं, आणि लेखकासमोर उभं राहिलं की दुसऱ्या वाक्यालाच ते उघडं पडतं.

लेखक भेटला म्हणजे पुस्तक आपोआप जास्त कळतं, असं होत नाही. भेटीत मिळतं ते मुख्यतः कानाला. कुठल्या शब्दावर जोर आहे, कुठं थांबायचंय, कुठलं वाक्य हसत म्हटलंय आणि कुठलं दात आवळून, हे छापील मराठीत उतरत नाही. साधे ज आणि च घ्या. ‘जप’ आणि ‘जपून’ यांतला ज वेगळा, ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, पण लिपीत दोन्हींना एकच अक्षर. रोजच्या शब्दांत आपण सवयीनं बरोबर म्हणतो. एखाद्या वाडीचं नाव, आडनाव किंवा औताचा एखादा भाग आला की मात्र शहरातला वाचक चुकीचा उच्चार मनात धरून अडीचशे पानं पार करतो. तो शब्द लेखकाच्या तोंडून एकदा ऐकला की पुढच्या वाचनात ते गाव एकदम जवळ येतं.

या कामाची सुरुवात सांगलीत करणं सगळ्यात रास्त. ५ नोव्हेंबर १८४३ला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ इथंच, सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं उभं केलं. तोच दिवस आपण रंगभूमी दिन म्हणून पाळतो. भाव्यांच्या खेळात पदं रचलेली असत आणि ती सूत्रधार म्हणे. गद्य बोलणं पात्रांनी प्रसंग बघून ऐनवेळी करायचं. त्यामुळे आज हाताशी उरली ती पदं, पात्रांचं बोलणं त्या त्या रात्रीबरोबर संपलं. ही पदं डोळ्यांनी वाचली तर कोरडी लागतात. मोठ्यानं म्हणून बघा, दोन-तीन वेळा अडखळल्यावर ताल कुठं बसत असेल याचा अंदाज यायला लागतो. गावातल्या भावे नाट्यमंदिरावरून जाताना हे प्रत्यक्ष करून बघण्यासारखं आहे, रस्त्यात लाज वाटत असेल तर मुक्कामी येऊन.

दुपारी विश्रामबागेत विलिंग्डन कॉलेजपाशी म. द. हातकणंगलेकरांची आठवण निघतेच. २००८ला सांगलीत झालेल्या अखिल भारतीय संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि जी. ए. कुलकर्णींच्या पत्रांच्या संपादनाशी त्यांचं नाव कायमचं जोडलेलं आहे. जी.ए. धारवाडला इंग्रजी शिकवत. सभा-समारंभ, सत्कार, माणसांची वर्दळ ते कटाक्षानं टाळत, पण पत्रं लिहायला बसले की पानंच्या पानं मन मोकळं करत. भेटीच्या नादात ही गोष्ट विसरू नये. काही लेखकांना माणसांत अवघडल्यासारखं होतं. अशांना गाठायचा हट्ट धरण्यापेक्षा प्रकाशकाच्या पत्त्यावर एका पानाचं पत्र पाठवावं. पत्रात एकच प्रश्न विचारावा, पुस्तकाची आवृत्ती आणि पान नोंदवावं, सोबत आपला पत्ता लिहिलेलं आणि तिकीट लावलेलं पाकीट ठेवावं. आवृत्ती नोंदवायचं कारण असं की नव्या आवृत्तीत पानं सरकतात, आणि लेखकाच्या कपाटात बहुतेक वेळा पहिलीच आवृत्ती असते.

संध्याकाळी हरिपूरला. गोविंद बल्लाळ देवलांचं गाव, आणि कृष्णा-वारणेचा संगम. जानेवारीत पाणी बरंच खाली गेलेलं असतं आणि बसायला मोकळ्या पायऱ्या मिळतात. या पायऱ्यांवर करायचं काम तासाभराचं, पण सगळ्या प्रवासात हेच टाळलं जातं. वहीच्या एका पानावर सोबत आणलेल्या पुस्तकाचं आपलं वाचन लिहून ठेवायचं. दहा-बारा ओळी पुरतात. शेवट कसा लागला, कुठलं माणूस पटलं नाही, कुठं कंटाळा आला. खाली तारीख टाकायची. कारण असं की लेखकानं ‘मला तिथं अमुक म्हणायचं होतं’ म्हटलं की आपलं आधीचं वाचन पुसलं जातं, आणि आपल्यालाही सुरुवातीपासून तसंच वाटत होतं असा भास व्हायला लागतो. लिहून ठेवलेलं पान तेवढं पुसलं जात नाही.

मग प्रश्न. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन, त्याहून जास्त नको. ‘लिहायची प्रेरणा कुठून मिळते?’ हा प्रश्न शंभरदा विचारला गेलेला असतो आणि त्याचं उत्तरही शंभरदा दिलेलं, घासून गुळगुळीत झालेलं असतं. प्रश्न पानावरून निघावा. ‘सर, बेचाळीस पानावर म्हातारी “बरं” म्हणते आणि गप्प होते. पहिल्या खर्ड्यात ती पुढं काही बोलली होती का?’ असा प्रश्न आला की बोलता बोलता लेखक थांबतो, आठवायला लागतो, आणि तिथून खरं बोलणं सुरू होतं. काय गाळलं, बोलीतला कुठला शब्द छपाईत प्रमाण होऊन आला, प्रकरणं आधी वेगळ्या क्रमानं होती का, एखाद्या पात्राचं नाव मध्येच बदललं का, अशा विचारपुशीला लेखक आनंदानं उत्तर देतात, कारण ती त्यांच्या कामाची विचारपूस असते.

दुसरा दिवस, १३ जानेवारी, भोगी : आटपाडी आणि माडगूळ

तासगाव, विटा, भिवघाट करत आटपाडी. अंतर शंभरेक किलोमीटर, एसटीनं तीन तास धरून चालायचं. तासगावच्या बाजूला द्राक्षबागांची हिरवी छपरं लागतात, विट्याच्या पुढं हिरवा रंग पातळ होत जातो आणि भिवघाट सोडला की माळ उघडा पडतो. ही उतरण खिडकीत बसून बघायची. माणदेशावरचं गद्य इतकं कमी शब्दांत का चालतं, याचा निम्मा खुलासा त्या माळानं होतो. लांबवर एकच झाड दिसतं, माणूस दिसला तर अर्धा तास तोच दिसत राहतो. अशा ठिकाणच्या लेखकाला वर्णनाची आरास लागत नाही.

एवढ्याशा टापूनं मराठीला ग. दि. माडगूळकर, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकरराव खरात दिले. तिघंही आता नाहीत, त्यामुळे भेट होते ती त्यांच्या जागांची आणि त्यांच्या बोलीची. माडगूळात गदिमांचा ‘बामणाचा पत्रा’ आहे. शेतातली पत्र्याच्या छपराची साधी जागा, मुंबई-पुण्याच्या धावपळीतून गावी आले की ते इथं लिहायला बसत. दुपारी बाराच्या सुमाराला पोहोचलात तर पत्रा तापलेला असतो. अशा जागेत बसून सिनेमातली ओलीचिंब गाणी सुचत असतील, हे नुसतं पुस्तकातून ध्यानात येत नाही.

व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ १९५५चं. धनगरांच्या वस्तीवर रुजू व्हायला निघालेला तरुण मास्तर त्यात भल्या पहाटे पायी चालतो. आटपाडीच्या आसपास पहाटेचं दोन-तीन किलोमीटर चालून मग ते पहिलं प्रकरण पुन्हा वाचावं. चालण्याची लय आणि वाक्यांची लांबी यांचा मेळ पायांना कळतो. थंडी बोचरी असते, कानटोपी आणि बॅटरी हवी. मेंढ्यांचा वाडा दिसला तर लांबूनच थांबावं, राखणीची कुत्री अनोळखी माणसाला वाड्याजवळ येऊ देत नाहीत.

खरातांचं आत्मचरित्र सोबत नसेल तर आटपाडी अर्धीच बघितली जाते. ते याच गावच्या महारवाड्यातले. तराळकी म्हणजे गावकामगाराचं काम, सांगावा पोचवायचा, सरकारी माणसापुढं पळायचं, आणि बदल्यात बलुतं. ते काम करणाऱ्याचा मुलगा पुढं मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला. माडगूळकर आणि खरात एकाच माळावरचे, एकाच दुष्काळाचे. तरी दोघांच्या पुस्तकांत गावात शिरायची वाट वेगळी आहे, पाण्याची जागा वेगळी आहे. दोन्ही पुस्तकं हातात घेऊन गावातून एक चक्कर मारली म्हणजे हा फरक अंतरात मोजता येतो.

दुपारचं जेवण भोगीचं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, आणि वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे ओले दाणे, घेवडा असं जे जे शेतात असेल ते घालून केलेलं खेंगट. वर लोण्याचा गोळा. जेवताना कान उघडे ठेवावेत. माणदेशी बोलीतला हेल, वाक्याच्या शेवटी खाली येणारा सूर, ‘न्हाई’ म्हणताना मधे घेतलेला हलका श्वास. हे ऐकलं की पुस्तकातले संवाद त्या आवाजात वाचता येतात. दोन-चार नवे शब्द कळले तर वहीत लिहावे, पण लगेच अर्थ विचारत सुटू नये. वाक्यात दोन-तीनदा आले की अर्थ आपोआप उलगडतो, आणि असा उलगडलेला अर्थ विसरत नाही.

कथाकथनाचा इतिहास इथं आठवायला हवा. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी महाराष्ट्रभर फिरून आपल्या कथा श्रोत्यांपुढं सांगितल्या. ज्यांनी त्यांना ऐकलं त्यांना आजही त्या कथा वाचताना आवाज ऐकू येतो, आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ध्वनिमुद्रणं मिळतात. एखादी कथा आधी वाचायची, मग ऐकायची, मग पुन्हा वाचायची. घड्याळ लावून बघा, तिसऱ्या वाचनाला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. थांबण्याच्या जागा कळलेल्या असतात ना.

अंधार पडायच्या आत परतीची एसटी धरायची. संध्याकाळनंतर गाड्या कमी होतात, आणि दुसऱ्या दिवशी लवकर निघायचं असतं.

तिसरा दिवस, १४ जानेवारी, संक्रांत : औदुंबर

औदुंबर पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर, अंकलखोपला लागून. पैलतीरावर भिलवडी आणि भुवनेश्वरीचं देऊळ. पुणे-मिरज मार्गावर भिलवडी नावाचं स्टेशन आहे, पण ते नदीकाठच्या गावापासून बरंच लांब, तिथून पुढं रिक्षा किंवा एसटी बघावी लागते. सांगलीहून थेट रस्त्यानं आलेलं बरं. सणाचा दिवस, त्यात दत्ताचं स्थान, म्हणून नऊनंतर वाहनांची गर्दी वाढते. आठच्या आत पोहोचलं तर दर्शनही निवांत होतं.

नृसिंहसरस्वतींनी इथं चातुर्मास केला, अशी परंपरा आहे. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी थेट देवळात येतं. ज्या गावात दरवर्षी नदी उंबऱ्याशी येते, तिथं १९३९ सालापासून साहित्य संमेलन भरतं, तेही संक्रांतीला. अकाली गेलेल्या सदानंद सामंत या मित्राच्या नावानं कवी सुधांशु आणि त्यांच्या सोबत्यांनी सदानंद साहित्य मंडळ काढलं, त्याच मंडळाचं हे संमेलन. ‘दत्त दिगंबर दैवत माझे’ घरोघरी ऐकू येतं, पण ते लिहिणारे सुधांशु म्हणजे ह. न. जोशी याच गावचे, हे अनेक श्रोत्यांना इथं आल्यावरच समजतं. देवळाच्या परिसरात उभं राहून ते पद मनात म्हणून बघा, ‘दैवत माझे’ मधल्या ‘माझे’ला गावच्या माणसाची आपुलकी येते.

या संमेलनाचा आकार महत्त्वाचा. जानेवारी २०२६च्या १ ते ४ तारखांना साताऱ्यात ९९वं अखिल भारतीय संमेलन झालं, विश्वास पाटील अध्यक्ष होते. अशा ठिकाणी ग्रंथदालनं, परिसंवाद, भेटणाऱ्या माणसांची दाटी, हे सगळं हवंच, मराठी वाचकानं एकदा तरी ते अनुभवावं. पण तिथं लेखकाशी होणारं बोलणं रांगेत होतं आणि मागचा माणूस घाई करत असतो. औदुंबरात एक दिवस, एक मांडव, नदीकाठ. लेखक आणि वाचक एकाच झाडाखाली चहा पितात. वाचनाच्या दृष्टीनं मला हे लहान संमेलन कितीतरी मोलाचं वाटतं.

बसायची जागा निवडताना घाई करू नये. पहिल्या रांगा पाहुण्यांच्या असतात. कर्ण्याच्या अगदी समोर बसलं तर शब्दांची टोकं फाटून येतात, फार मागं गेलं तर नदीवरच्या वाऱ्यानं वाक्यं तुटतात. मांडवाच्या मधोमध, कर्ण्याच्या थोडं आडव्या बाजूला, चौथी-पाचवी रांग चांगली. खाली बसायला जाड चादर, सकाळी शाल, दुपारी टोपी. पुस्तकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावावा, वाऱ्यानं पानं उडत नाहीत.

अध्यक्षांचं भाषण छापून मिळालं तरी पहिल्यांदा वाचत बसू नका, ऐका. लेखक कागद सोडून कधी बोलतो तिकडं लक्ष ठेवा. छापील प्रतीत त्या जागी समासात फक्त एक फुली मारायची आणि शेजारी दोन शब्द. संध्याकाळी त्या फुल्या एकाखाली एक वाचल्या की लेखकाच्या मनात सध्या काय चाललंय ते बऱ्यापैकी कळतं.

आपण वाचलेल्या पुस्तकातला भाग लेखक स्वतः वाचायला लागला तर मात्र पुस्तक उघडायचं आणि पेन्सिल काढायची. पेन नको. खुणा चारच. लेखक थोडं थांबला तर शब्दानंतर एक तिरकी रेघ, लांब थांबला तर दोन. जोर दिला तर शब्दाखाली रेघ. उच्चार आपल्यापेक्षा वेगळा असेल तर शब्दाभोवती गोल. समजा वाक्य आहे, ‘म्हातारीनं चूल विझवली आणि दार लावून घेतलं.’ घरी वाचताना आपण ते एका दमात म्हणून गेलेलो असतो, रात्र झाली, म्हातारी झोपली, एवढंच. लेखक ‘विझवली’नंतर थांबतो. दोन तिरक्या रेघा. मग ‘आणि’ जवळजवळ पुटपुटतो, आणि ‘दार’वर जोर देतो. आता चूल विझवणं वेगळं आणि दार लावणं वेगळं झालं. मधल्या शांततेत म्हातारी उभी आहे, दाराकडं बघते आहे, कुणाची तरी वाट बघून संपली आहे. छापलेल्या ओळीत हे सगळं होतंच, पण आपण पळत गेलो म्हणून हुकलं. अशी दोन पानं खुणांनी भरली तरी प्रवास सार्थकी लागला म्हणायचा.

काही चांगले लेखक वाचतात मात्र सपाट. आवाज चढत नाही, मान वर होत नाही, पानं उलटताना चाचपडतात. तेव्हा हिरमुसून उठू नये. अशांच्या वाचनात शब्दांचा उच्चार आणि वेग तेवढा टिपावा, बाकीचं नंतर बोलण्यात मिळतं. उलटही होतं. कविसंमेलनात टाळ्या घेणारी कविता घरी कागदावर वाचली की दोन ओळींत संपते, आणि ज्या कवितेला मांडवात कुणी दाद दिली नाही ती महिनाभर पाठ सोडत नाही. म्हणून कविता ऐकताना पसंतीची खूण करण्याऐवजी पहिली ओळ आणि कवीचं नाव लिहून ठेवावं, निवाडा घरी करावा. छंदातली कविता असेल तर बोटांवर मात्रा मोजायचा मोह होतो. तो आवरावा, मोजताना ऐकणं सुटतं.

सांगलीच्याच तारा भवाळकर, ज्या फेब्रुवारी २०२५ला दिल्लीच्या ९८व्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या, त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास लोकसाहित्याचा. बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हा त्यातला गाभ्याचा भाग. ओवी साडेतीन चरणांची. पुस्तकात शेवटचा अर्धा चरण अपुरा राहिल्यासारखा दिसतो. कुणी म्हणून दाखवली की तो अर्धा चरण हाताच्या फेऱ्यात पुरा होताना ऐकू येतो, दळणाऱ्या बाईला श्वास घ्यायला तेवढीच जागा. ओव्यांचं संकलन वाचणाऱ्यानं एक तरी ओवी म्हणणाऱ्या बाईकडून ऐकावी, आणि ती म्हणत असताना तिला घाई करू नये.

लेखकाला भेटायची वेळ. कार्यक्रमाआधीचा अर्धा तास आणि जेवणानंतरचा चहा, या दोनच वेळा चांगल्या. जेवताना समोर जाऊन उभं राहू नये, त्यांना हातही धुवू द्यावा. संध्याकाळी परतायच्या गडबडीत मन लागत नाही. संक्रांतीनं एक सोय केलेली आहे, बोलायला सुरुवात कशी करायची हा प्रश्न इथं पडत नाही. ‘तिळगूळ घ्या’ म्हणून पुढं व्हायचं. ओळख नसेल तर सर किंवा ताई. लोक एखाद्याला अण्णा, तात्या म्हणत असले तरी पहिल्या भेटीत आपण म्हणू नये. स्वतःची ओळख गावाच्या नावापुरती द्यावी. मग पुस्तक उघडून पान दाखवून प्रश्न. पाच मिनिटं झाली की नमस्कार करून बाजूला व्हावं. लेखकाला अजून बोलायचं असेल तर तेच थांबवतात.

बिघडतं ते ठरलेल्या ठिकाणी. प्रश्नाच्या नावाखाली आपलं भाषण होतं. आपल्या कवितांची वही किंवा हस्तलिखित हातात दिलं जातं, लेखक नाही म्हणू शकत नाही आणि दोघांचीही पुढची वेळ अवघड होते. फोटोसाठी भेट होते आणि पुस्तकाचं नावही निघत नाही. पात्र खरं कोण, गावातला अमुक माणूस का, हे खोदून विचारलं जातं. गावाकडच्या लेखकासाठी हा प्रश्न जड असतो, ते माणूस किंवा त्याची नातवंडं मांडवातच बसलेली असू शकतात. बोलणं ध्वनिमुद्रित करायचं असेल तर आधी विचारावं, आणि नको म्हटलं तर मोबाइल खिशात. सगळ्यात वाईट म्हणजे रस्त्यावर स्वस्तात घेतलेली चोरून छापलेली प्रत सहीला पुढं करणं. धुरकट छपाई, तिरपी कापलेली पानं, पातळ मुखपृष्ठ, लेखक ती प्रत बघताक्षणी ओळखतो. ग्रंथालयाच्या पुस्तकावरही सही घेऊ नये.

सही आतल्या पहिल्या साध्या कागदावर घ्यावी, जिथं फक्त पुस्तकाचं नाव असतं. गुळगुळीत चकचकीत कागदावर जेलची शाई अर्धा मिनिट ओली राहते, पुस्तक लगेच मिटलं की समोरच्या पानावर उलटी सही उमटते. मध्ये टिपकागद ठेवावा, नाहीतर साधं बॉलपेन द्यावं. आपलं नाव मोठ्या अक्षरांत चिठ्ठीवर लिहून पुढं करावं, गोंगाटात नावं चुकतात. दोन पुस्तकांपेक्षा जास्त पुढं करू नयेत. जमलं तर नुसत्या सहीऐवजी आपण खुणा केलेल्या पानावर तारीख घालून द्यायला सांगावं. बहुतेक लेखक त्या खुणा बघायला थांबतात, आणि एखादी खूण चुकली असेल तर पेन्सिल मागून दुरुस्त करतात. त्या पानाची सर कशालाच नाही.

नवीन पुस्तकं घ्यायची तर सुटे पैसे ठेवावेत. कित्येक कवी आपल्या संग्रहाच्या पाच-दहा प्रती पिशवीत घेऊन आलेले असतात, मांडणीवर ते संग्रह सापडतीलच असं नाही. ऐकलेली कविता ज्या संग्रहात आहे तोच विचारून घ्यावा, नाहीतर घरी गेल्यावर कळतं की ती अजून छापलीच नाही.

उतरत्या उन्हात नावेनं पलीकडं भुवनेश्वरीला जाऊन यावं. नावेत बसून दुपारची वही उघडायची. दिवस संपायच्या आत उत्तरं लिहून काढली नाहीत तर सकाळपर्यंत लेखकाची वाक्यं आपल्या वाक्यांत मिसळतात. लेखकाचे नेमके शब्द आठवत असतील तेवढेच अवतरणात घालावेत, बाकीचं ‘अशा अर्थाचं’ म्हणून.

चौथा दिवस, १५ जानेवारी : वाटेगाव

परतीच्या वाटेवर, महामार्गावरच्या कासेगावहून आत वाळवा तालुक्यातलं वाटेगाव. १ ऑगस्ट १९२०ला इथं अण्णा भाऊ साठे जन्मले. शाळेत गेले ते दीड दिवस. १९६९ला गेले तोवर कथा, कादंबऱ्या, लोकनाट्यं, पोवाडे असा डोंगर उभा केला होता. ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. गावात त्यांचं स्मारक आहे, ते तासाभरात बघून होतं.

अण्णा भाऊ आधी शाहीर, मग कादंबरीकार, हे इथं ध्यानात ठेवायचं. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड कागदावर वाचणारा विरहाचं गाणं म्हणून वाचतो. डफ-तुणतुण्यावर म्हटली जाताना ऐकली की मैनेपासून संयुक्त महाराष्ट्रापर्यंत ती कशी वळते आणि वळताना ताल कसा चढतो ते कळतं. ती एकदा ऐकून मग ‘फकिरा’तलं कुठलंही धावपळीचं प्रकरण मोठ्यानं वाचा. वाक्यं आखूड होत जातात, क्रियापदं पुढं येतात, डफाच्या थापेसारखी. ज्या लेखकाला भेटता येत नाही त्याचा आवाज असा त्याच्या दुसऱ्या कलेतून शोधावा लागतो.

पुढं कऱ्हाड. १९७५ला, आणीबाणी चालू असताना, इथल्या संमेलनात यशवंतराव चव्हाणांच्या उपस्थितीत अध्यक्षा दुर्गा भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सगळ्यांना प्रार्थना करायला लावली. ऋतूंवर, प्राण्यांवर, लोककथांवर त्यांनी लिहिलेलं मृदू गद्य वाचताना ही बाई मनात असेल तर एकेका वाक्याचा कणा वेगळा जाणवतो.

गाडीला वेळ असेल तर फलाटावरच पुन्हा वाचायला बसावं. आठवड्याच्या आत दुसरं वाचन झालं पाहिजे, त्यानंतर आवाज पुसट होतो. क्रम असा : आधी हरिपूरला लिहिलेलं पान, मग खुणा केलेली दोन पानं मोठ्यानं, त्या रेघांवर थांबत. मग पुस्तक पहिल्यापासून, या वेळी पेन्सिल न घेता. हरिपूरच्या पानाच्या मागच्या बाजूला नवं वाचन, पुन्हा दहा-बारा ओळी. जिथं लेखकाचं म्हणणं पटलं नाही तिथं तसं स्पष्ट लिहावं, लेखक भेटला म्हणून आपलं मत सोडायचं कारण नाही. आणि पहिल्या वाचनात जी म्हातारी नुसती झोपायला गेली होती, ती दाराशी किती वेळ उभी राहते ते बघावं.